ओझे, उतार आणि उष्णता : मोटारीच्या ब्रेक-अस्तराचा इतिहास आणि रेणापूरचा रस्ता

लातूरच्या उत्तरेस सुमारे वीस किलोमीटर अंतरावर, पुढे मांजरेला मिळणाऱ्या रेणा नदीच्या काठी वसलेले रेणापूर हे तालुक्याचे गाव मराठवाड्यात रेणुकादेवीच्या मंदिरामुळे परिचित आहे. लातूरहून अंबाजोगाईकडे जाणारा रस्ता या गावातून जातो, आणि तोच पुढे केज, मांजरसुंबा असा बीडच्या दिशेने वळतो. बालाघाटच्या पठारावरील हा टापू बराचसा सपाट असल्यामुळे येथे वाहनाच्या ब्रेकची कसोटी उतारापेक्षा ओझे, ऊन आणि धूळ यांवर लागते. गळीत हंगामात उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या निवाड्याच्या रेणा साखर कारखान्याकडे रांगेने चालतात, उन्हाळ्यात डांबर वितळण्याइतके तापते, आणि गावोगावच्या गतिरोधकांमुळे चालकाला दर काही मिनिटांनी पाय ब्रेकवर ठेवावा लागतो. अशा रस्त्यावर चालणाऱ्या मोटारीच्या चाकात जे अस्तर बसवायचे, ते शर्यतीच्या वर्तुळमार्गावर धावणाऱ्या मोटारीच्या अस्तरापेक्षा वेगळे असावे लागते. हा वेगळेपणा एका दिवसात निर्माण झालेला नसून त्यामागे सव्वाशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. त्या इतिहासात मुंबईचे कारखाने, कोकण-गोव्याचे काजू आणि कामगारांची फुप्फुसे यांनाही स्थान आहे.

ब्रेकचे मूळ काम समजून घेतल्याशिवाय या इतिहासाला अर्थ येत नाही. धावत्या वाहनात गतीच्या रूपाने ऊर्जा साठलेली असते, आणि वाहन थांबवायचे म्हणजे ती ऊर्जा दुसऱ्या रूपात, म्हणजे बहुतांशी उष्णतेच्या रूपात बदलायची. 1,200 किलो वजनाची मोटार ताशी 100 किलोमीटर वेगाने जात असताना तिच्यात सुमारे 463 किलोज्यूल ऊर्जा असते. दीड लिटरभर पाणी सामान्य तापमानापासून उकळीपर्यंत नेण्यास जेवढी उष्णता लागते, जवळपास तेवढीच ही होय. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, आणि म्हणूनच ताशी 200 किलोमीटर वेगावरून थांबताना चाकांतील अस्तरांना चार पट उष्णता झेलावी लागते. उतारावर हेच गणित वेगळ्या वाटेने येते. हीच मोटार साडेपाचशे मीटर खाली उतरली, तर इंजिनाचा रोध आणि हवेचा विरोध वगळता ब्रेकवर पडणारी उष्णता ताशी 100 किलोमीटर वेगावरून चौदा वेळा थांबण्याइतकी भरते. ब्रेकची सामग्री निवडणे म्हणजे एवढी उष्णता कोणत्या पदार्थाने, किती वेळा आणि किती तापमानापर्यंत सोसायची हे ठरवणे होय. चालकाच्या पायाखाली जाणवणारे बाकीचे सर्व गुण त्यातूनच निघतात.

बैलगाडीच्या काळात ही उष्णता किरकोळ होती. उतारावर चाकाच्या धावेवर लाकडी ठोकळा दाबून धरणे, चाक दोराने जखडणे, आणि थांबलेली गाडी मागे सरकू नये म्हणून चाकाखाली उटी, म्हणजे अडसराचा दगड किंवा लाकूड, लावणे एवढ्यावर काम भागत असे. महाराष्ट्रात ही पुरातन साधने अपुरी ठरल्याचा पहिला मोठा अनुभव मोटारीने दिलेला नाही, तर रेल्वेने दिला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने 1863 मध्ये बोरघाटातून मार्ग खुला केला, तेव्हा त्याचा सर्वांत तीव्र चढ 37 फुटांत एक फूट इतका होता, आणि कड्याच्या अंगाने वळण घेता न आल्यामुळे खंडाळ्याजवळ गाडीची दिशा उलटी करण्याचे स्थानक बांधावे लागले. उतरत्या गाडीवरचा ताबा सुटल्यास तिला वाटेतच वळवून चढाच्या रुळांवर सोडण्याची सोय करणे घाटमार्गांवर आवश्यक मानले गेले, कारण ब्रेकच्या ठोकळ्यांवर संपूर्ण भरवसा ठेवणे शक्य नव्हते. 1869 च्या जानेवारीत त्या उलट-स्थानकावर उतरती गाडी थांबू शकली नाही आणि अपघात झाला. रस्त्यावरची मोटार भारतात येण्यापूर्वीच सह्याद्रीने उतार आणि उष्णतेचा हा प्रश्न असा उघड्यावर मांडला होता.

मोटारीच्या बाबतीत या प्रश्नाचे पहिले उत्तर चामड्याने दिले. ऑगस्ट 1888 मध्ये बर्था बेंझ यांनी पती कार्ल बेंझ यांची तीन चाकी मोटार जर्मनीतील मानहाइमहून फोर्ट्‌झहाइमपर्यंत नेली, तेव्हा उतारावर लाकडी ठोकळे झिजू लागल्याने त्यांनी वाटेतील एका चांभाराकडून ठोकळ्यांवर चामडे ठोकून घेतले. ब्रेकच्या मूळ अंगावर झिजण्यासाठी वेगळे, बदलता येणारे अस्तर चढवण्याचा हा व्यवहारातला प्रारंभ मानला जातो. ज्यांनी त्याला धंद्याचे रूप दिले ते हर्बर्ट फ्रूड हे इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यातले होते. डोंगराळ भागातील गाडीवान ठोकळ्यावर जुने बूट ठोकतात हे पाहून त्यांनी कापडाचे थर मेण-डांबर, रबर यांसारख्या द्रव्यांत भिजवून घट्ट केलेले अस्तर तयार केले, आणि 1897 मध्ये फेरोडो ही कंपनी उभी केली. घोडागाडीपुरते हे अस्तर पुरेसे होते. मोटारीच्या वेगाने निर्माण होणाऱ्या उष्णतेत मात्र कापूस करपे आणि रबर मऊ पडे, हे लवकरच दिसून आले.

त्याच सुमारास ब्रेकची रचनाही दोन दिशांनी वाढत होती. फ्रान्समध्ये लुई रेनो यांनी 1902 मध्ये चाकाबरोबर फिरणाऱ्या पोकळ पिंपाच्या आतून दोन अर्धगोल पट्ट्या बाहेर दाबणारा ब्रेक तयार केला. पिंपाला ड्रम, पट्ट्यांना शू आणि त्यांवरच्या झिजणाऱ्या थराला आपल्याकडील गॅरेजांत आजही लायनर म्हणतात. इंग्लंडमध्ये त्याच वर्षी फ्रेडरिक लँचेस्टर यांनी चाकासोबत फिरणाऱ्या चकतीला दोन्ही बाजूंनी चिमटा घेणाऱ्या ब्रेकचे पेटंट घेतले. ही रचना आजच्या डिस्क ब्रेकची पूर्वज होय. परंतु तिच्यात धातूवर धातू घासत असल्यामुळे ती कर्कश आवाज करी आणि झपाट्याने झिजे. चकतीची कल्पना योग्य होती, पण तिला साजेसे अस्तर नव्हते, म्हणून ती जवळपास अर्धशतक मागे पडली. ब्रेकच्या इतिहासात यंत्ररचनेला पदार्थाची वाट पाहावी लागल्याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणार नाही.

तो पदार्थ म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस, दगडातून तंतूंच्या रूपाने निघणारे खनिज. 1908 च्या सुमारास फ्रूड यांनी अ‍ॅस्बेस्टॉसच्या धाग्यात पितळी तार विणून आणि राळेने बांधून नवे अस्तर तयार केले. हे खनिज जळत नाही, त्याचे तंतू राळेला धरून ठेवतात, घर्षण फार चढ-उतार न करता टिकते, आणि ते स्वस्त आहे. या चार गुणांमुळे पुढील सहा-सात दशके जगातील बहुतेक मोटारींच्या चाकांत हेच द्रव्य होते. ड्यूसेनबर्ग या अमेरिकी कंपनीने 1921 मध्ये मॉडेल ए या मोटारीत चारही चाकांवर द्रवाच्या दाबाने चालणारे ब्रेक बसवले. त्यानंतर पेडलचा जोर नळ्यांतील द्रवामार्फत चारही चाकांना सारखा पोहोचू लागला, आणि पदार्थ व यंत्रणा यांची सांगड पूर्ण झाली. त्या द्रवालाच आपल्याकडे ब्रेक ऑइल म्हणण्याचा प्रघात पडला, जरी तो खनिज तेलाचा प्रकार नाही.

मराठवाड्यात यंत्रावर चालणारी सार्वजनिक वाहतूक निजामाच्या राज्यातून आली. नॅरोगेज बार्शी लाइट रेल्वे 1911 मध्ये लातूरपर्यंत पोहोचली, आणि लातूरची धान्य व गळिताची बाजारपेठ तिच्यामुळे वाढली. रस्त्यावर निजाम स्टेट रेल्वेच्या रस्ते वाहतूक खात्याने जून 1932 मध्ये 27 बसगाड्या आणि 166 कर्मचारी घेऊन काम सुरू केले. राज्यसंस्थेने चालवलेली ही भारतातील पहिल्या बससेवांपैकी एक होती. 1948 च्या सप्टेंबरातील पोलिस कारवाईनंतर हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि 1 जुलै 1961 रोजी मराठवाड्याची राज्य परिवहन सेवा महाराष्ट्राच्या एसटीत सामील झाली. खडी आणि मुरमाच्या रस्त्यांवर भरगच्च चालणाऱ्या या गाड्यांमुळे आगार-कार्यशाळांत एक स्वतंत्र कौशल्य रुजले: जुना लायनर शूवरून काढणे, नवा लायनर रिबिटांनी ठोकणे, घासून खाचे पडलेला ड्रम लेथवर टर्न करणे, आणि नळ्यांत शिरलेली हवा काढून पेडल पुन्हा कडक करणे. लातूर, रेणापूर, अंबाजोगाई या पट्ट्यातील पुढच्या पिढीच्या खासगी मिस्त्रींना हेच कसब हाताशी आले. त्याची नोंद उद्योगाच्या इतिहासात क्वचितच होते, आणि ही उणीव खरोखर मोठी आहे. कारण चांगले अस्तर वाईट हातांनी बसवले तर ते चांगले राहत नाही.

अस्तराचा उद्योग मुंबईत उभा राहिला. वालचंद हिराचंद या सोलापूरच्या उद्योजकांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने 1947 पासून कुर्ल्यात मोटारी जोडण्यास आणि पुढे बनवण्यास प्रारंभ केला. तिथून निघालेली फियाट 1100 ही पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने मुंबईच्या टॅक्सीची ओळख ठरली, आणि तिच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. कुर्ल्यापासून जवळच, घाटकोपरला, ब्रिटिश फेरोडोशी नाते असलेली हिंदुस्थान फेरोडो ही कंपनी ब्रेकची अस्तरे आणि क्लचच्या चकत्या बनवू लागली. हीच कंपनी पुढे हिंदुस्थान कंपोझिट्स झाली, आणि तिचे उत्पादन पैठण व भंडारा येथे गेले. फ्रूड यांच्या डोंगरी गाडीवानांपासून सुरू झालेला धागा अशा रीतीने गोदावरीच्या काठापर्यंत आला. मद्रासकडे राणे ब्रेक लायनिंग (1964) आणि सुंदरम ब्रेक लायनिंग्ज (1974) यांनी दुसरे केंद्र उभारले, आणि वाहनांची चाचणी व मान्यता यांसाठी 1966 मध्ये पुण्यात ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजेच एआरएआय, ही संस्था स्थापन झाली.

अ‍ॅस्बेस्टॉसची किंमत मात्र या काळात अस्तराच्या दरात मोजली जात नव्हती. त्याचे अतिसूक्ष्म तंतू श्वासातून फुप्फुसात जाऊन रुततात, तेथे पेशी राठ करून दम कोंडणारा अ‍ॅस्बेस्टॉसिस हा विकार निर्माण करतात, आणि काही दशकांनंतर फुप्फुसाचा किंवा फुप्फुसावरणाचा कर्करोगही उद्भवू शकतो. धोका कारखान्यातील कामगारापुरता नव्हता; ड्रम उघडून आत साठलेली भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवून देण्याची गॅरेजांतील जुनी सवय मिस्त्रीला आणि त्याच्या हाताखालच्या पोराला रोज त्याच तंतूंपुढे उभे करत असे. 27 जानेवारी 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर विरुद्ध भारत सरकार या खटल्यात कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जीवनाच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले, आणि अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यांनी कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून 40 वर्षे किंवा ती सुटल्यापासून 15 वर्षे, यांतील जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत जपाव्यात असा आदेश दिला. 40 वर्षांची ही मुदतच या रोगाचा स्वभाव सांगते. ब्रिटनने पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसवर 1999 मध्ये, युरोपीय संघाने 2005 पासून आणि अमेरिकेने 2024 मध्ये बंदी घातली. भारतात त्याच्या वापरावर आजही सरसकट बंदी नाही. म्हणून अस्तर विकत घेताना वेष्टनावर ते अ‍ॅस्बेस्टॉसविरहित असल्याचा उल्लेख पाहणे, आणि चाक उघडल्यावर भुकटी फुंकून न उडवता ओल्या फडक्याने पुसणे, हे प्रत्येक गॅरेजचे कर्तव्य आहे.

अ‍ॅस्बेस्टॉस काढून टाकल्यावर त्याच्या जागी एकच पदार्थ आला नाही, तर दहा-वीस पदार्थांचे मिश्रण आले, आणि येथूनच निवडीचा आजचा प्रश्न खऱ्या अर्थाने सुरू झाला. पॅडमध्ये, म्हणजे डिस्कला चिमटा घेणाऱ्या दोन पाट्यांवरच्या अस्तरात, तंतू म्हणून पोलाद, अ‍ॅरामिड किंवा चिनी मातीसारखे खनिज धागे घालतात. सर्वांना बांधणारी फेनॉलिक राळ असते. डिस्कला किंचित खरवडून घर्षण वाढवणारी कठीण भुकटी असते. ते जास्त होऊ न देणारे ग्रॅफाइट असते. आणि जागा भरण्यासाठी बराइटसारखी खनिजे असतात. या यादीत महाराष्ट्र आणि गोव्याशी नाते सांगणारा एक पदार्थ आहे. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात गोव्यात आणलेले काजूचे झाड कोकण किनाऱ्यावर पसरले, आणि काजूच्या टरफलातून निघणारे दाहक, काळपट तेल बराच काळ टाकाऊ मानले गेले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत मॉर्टिमर हार्वी यांनी या तेलापासून टिकाऊ राळ तयार करण्याच्या पद्धती शोधल्या, आणि ती राळ कडक करून दळली की मिळणारी भुकटी ब्रेकच्या अस्तरासाठी फारच उपयुक्त ठरली. ती अस्तराला किंचित लवचीकपणा देते, कंप शोषून कर्कश आवाज कमी करते, आणि अस्तर थंड असतानाही पकड टिकवते. ज्या टरफलाच्या तेलाने कोकणातील काजू सोलणाऱ्या बायकांच्या बोटांची कातडी जळते, त्याच तेलाची भुकटी जगभरच्या मोटारींना पहिल्या दाबाला थांबवण्यास मदत करते, ही गोष्ट कोकणातही फारशी कोणास ठाऊक नाही.

परंतु याच भुकटीला आणि राळेला मर्यादाही आहे. तापमान सुमारे 300 ते 350 अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की सेंद्रिय घटक विघटित होऊ लागतात, त्यांतून निघणारा वायू पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये साठतो, आणि पेडल कडक असूनही गाडी थांबेनाशी होते. याला फेड होणे, म्हणजे ब्रेक मंदावणे, असे म्हणतात. दुसरे संकट द्रवाचे असते: ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, त्यामुळे त्याचा उत्कलनांक घसरतो, आणि ते उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे तयार होऊन पेडल नुसते खाली बसते. डॉट 3 प्रकारच्या कोऱ्या द्रवाचा किमान उत्कलनांक 205 अंश असतो आणि ओलावा शोषल्यावर तो 140 अंशांपर्यंत येऊ शकतो. डॉट 4 साठी हेच आकडे 230 आणि 155 आहेत. फेड आणि उकळलेला द्रव या दोन दोषांवरचे उपाय वेगळे असल्यामुळे, पेडल कडक असताना ब्रेक लागत नाही की पेडल खाली बसते, हे ओळखणे चालकाला यायला हवे.

शर्यतीने ही मर्यादा कोठवर ढकलली, याचा निर्णायक क्षण 1953 चा आहे. ले मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जग्वारच्या सी-टाइप मोटारी डनलॉपच्या डिस्क ब्रेकनिशी उतरल्या आणि टोनी रोल्ट व डंकन हॅमिल्टन यांनी विजय मिळवला. उघडी डिस्क हवेत लवकर थंड होते, तर बंद ड्रम तापला की प्रसरण पावून शूपासून दूर जातो. म्हणून सरळ मार्गाच्या शेवटी, चोवीस तासांत शेकडो वेळा, जग्वारचे चालक प्रतिस्पर्ध्यांपेक्षा उशिरा ब्रेक दाबू शकत. लँचेस्टर यांच्या कल्पनेला अखेर साजेसे अस्तर मिळाले होते. 1955 मध्ये सीट्रोएनने डीएस या सामान्य ग्राहकांसाठीच्या मोटारीत पुढील चाकांना डिस्क दिल्या, 1976 मध्ये ब्रॅबहॅमने फॉर्म्युला वनमध्ये कॉन्कॉर्ड विमानाप्रमाणे कार्बनच्या डिस्क वापरून पाहिल्या, आणि 2001 मध्ये पोर्शने 911 जीटी2 सोबत कार्बन-सिरॅमिकच्या डिस्क विक्रीस आणल्या. कार्बनची डिस्क काहीशे अंश तापल्याशिवाय नीट पकडतच नाही, ही बाब येथे लक्षात ठेवण्यासारखी आहे; शर्यतीचे साधन थंड रस्त्यावर सरस ठरेलच असे नाही, याचा तो टोकाचा दाखला होय.

भारतात शर्यतीचा इतिहास विमानतळांच्या धावपट्ट्यांवर घडला. मुंबईत जुहूला, कलकत्त्याजवळ बराकपूरला आणि मद्रासजवळ शोलावरमला, बहुतेक ठिकाणी दुसऱ्या महायुद्धानंतर, धावपट्टीवर पिंपे आणि गवताचे गठ्ठे रचून वळणे आखली जात, आणि लांब सरळ रेषेच्या टोकाशी ड्रम ब्रेकच्या मोटारींची खरी परीक्षा होई. त्यानंतर 1990 मध्ये मद्रासजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे, 2003 मध्ये कोइमतूरला करी मोटर स्पीडवे, आणि 2011 मध्ये ग्रेटर नोएडाला 5.125 किलोमीटर लांबीचा बुद्ध इंटरनॅशनल सर्किट हे खास बांधलेले मार्ग आले. बुद्धवर 30 ऑक्टोबर 2011 रोजी भारतातील पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. महाराष्ट्रात कोल्हापूरजवळच्या मोहिते रेसिंग अकादमीच्या मार्गावर कार्टिंगच्या राष्ट्रीय स्पर्धांच्या फेऱ्या झाल्या. आता रोजच्या वापरातली मोटार घेऊन सुट्टीच्या दिवशी वर्तुळमार्गावर फेऱ्या मारण्याचे ट्रॅक-डे भरू लागले आहेत, आणि लातूर-नांदेडच्या तरुणांनाही ते दूरचे वाटत नाहीत. तेथे जाण्यापूर्वी शर्यतीचा पॅड बसवावा का, हा प्रश्न यामुळेच उपस्थित होतो.

त्याचे उत्तर पॅडच्या काठावर छापलेल्या दोन अक्षरांतून अंशतः मिळते. अमेरिकी सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्सच्या पद्धतीनुसार पहिले अक्षर मध्यम तापमानातील आणि दुसरे जास्त तापमानातील घर्षणांक दाखवते. घर्षणांक म्हणजे दाबाच्या मानाने पॅडला मिळणारी पकड. ई म्हणजे 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45, जी म्हणजे 0.45 ते 0.55 आणि एच त्याहून अधिक. एफई असा पॅड तापल्यावर पकड गमावतो, तर एफएफ पॅडची पकड टिकते, एवढा अर्थ काढणे सुरक्षित आहे. परंतु ही चाचणी पॅडच्या लहानशा चौकोनी तुकड्यावर, प्रयोगशाळेतील यंत्रात होते. तिच्यातून पॅड किती झिजेल, डिस्क किती खाईल, आवाज करील की नाही, हे कळत नाही.

रस्त्याचा पॅड पहाटेच्या थंडीत, पहिल्याच दाबाला पकडणारा हवा. रेणापूरच्या चौकात आडवी आलेली शेळी किंवा अचानक वळलेली ट्रॉली चालकाला आधी ब्रेक तापवण्याची संधी देत नाही. शर्यतीचा अर्धधातवी किंवा तापवून घट्ट केलेल्या धातूच्या भुकटीचा पॅड साधारण 200 अंशांच्या पुढे सर्वोत्तम पकडतो आणि 600-700 अंशांपर्यंत टिकतो, पण त्याखाली त्याची पकड कमी असते, तो किंचाळतो, चाकावर काळी भुकटी सोडतो, आणि डिस्क लवकर झिजवतो. मराठवाड्याच्या धुळीत हा दोष अधिकच वाढतो, कारण बारीक वाळू कठीण पॅडमध्ये रुतून डिस्कवर ओरखडे काढते. घाटात कधीमधी उतरणाऱ्या आणि एरवी सपाटीवर चालणाऱ्या मोटारीसाठी कंपनीने मान्य केलेला चांगला सेंद्रिय किंवा सिरॅमिक पॅड आणि वेळेवर बदललेले ब्रेक ऑइल हीच योग्य जोड आहे. उतारावर न्यूट्रल न करता खालच्या गिअरमध्ये गाडी उतरवणे हा त्याहून स्वस्त आणि अधिक परिणामकारक उपाय आहे. वर्षातून एक-दोन ट्रॅक-डेसाठी मधल्या तापमानपट्ट्याचा पॅड आणि कोरा डॉट 4 द्रव पुरतो. शर्यतीचा पॅड घेतलाच तर तो मार्गावर पोहोचल्यावर बसवावा आणि परतण्यापूर्वी काढावा. पॅड बदलला की डिस्कवर नव्या पॅडचा पातळ थर सारखा बसेपर्यंत काही अंतर सावकाश, पुन्हा पुन्हा हलके ब्रेक दाबत चालवावे. एकाच आसावरच्या दोन्ही चाकांचे पॅड नेहमी एकदम बदलावेत, आणि अस्तर तीन मिलिमीटरच्या आसपास आले की ते बदलण्यास विलंब करू नये.

अस्तराच्या द्रव्यांतील बदल अजून संपलेले नाहीत. पॅडमधील तांब्याची भुकटी पावसाच्या पाण्याबरोबर नद्यांत जाऊन माशांना बाधते हे लक्षात आल्यावर कॅलिफोर्नियाने 2010 च्या कायद्याने ब्रेकमधील तांबे 2021 पर्यंत पाच टक्क्यांवर आणि 2025 पर्यंत अर्ध्या टक्क्यावर आणण्याचे बंधन घातले, आणि जगभरच्या कारखान्यांनी आपली मिश्रणे बदलली. विजेवर चालणाऱ्या मोटारींत चाकांच्या गतीतील ऊर्जेचा बराच भाग मोटरमार्फत पुन्हा बॅटरीत साठवला जातो, त्यामुळे पॅड फार कमी झिजतात. पण फार काळ न वापरलेल्या डिस्कवर गंज धरतो, आणि अशा मोटारींचे वजन जास्त असल्याने ऐनवेळी पकड पूर्वीपेक्षा अधिक लागते. रेणापूरपासून जवळच हरंगुळ येथे उभारलेल्या मराठवाडा रेल्वे कोच कारखान्यातून डिसेंबर 2020 मध्ये पहिला डबा बाहेर पडला. आधुनिक रेल्वे डब्यांतही डिस्क ब्रेक आणि मिश्रद्रव्यांची अस्तरे हेच तंत्र आता रूढ झाले आहे.

उसाच्या ट्रॉलीला मात्र बहुधा स्वतंत्र ब्रेक नसतोच. तिचे सारे ओझे पुढच्या ट्रॅक्टरच्या ब्रेकवर येते, आणि ती ज्या रस्त्याने जाते त्याच रस्त्याने शाळेच्या बसगाड्या आणि मोटारसायकली जातात. शर्यतीच्या पॅडवर खर्च करण्याची तयारी असलेल्या समाजाने साखर कारखाने, परिवहन कार्यालये आणि ट्रॉली बांधणारे कारागीर यांच्याकडे या ट्रॉल्यांना चालू स्थितीतला ब्रेक बसवण्याचा आग्रह धरावा, आणि तो पुढील गळीत हंगामापूर्वी धरावा.